विश्लेषण : गांजाचे पान, गांजाचे रोप आणि कायद्याचे कलम... पानापासून खरेच रोप तयार होते का?

पालम (जि. परभणी) : पानफुटीचे एक पान मातीवर पडले तरी त्याच्या कडेने चिमुकली रोपे फुटतात. गांजाचेही तसेच होते, पान पाण्यात ठेवा आणि रोप मिळवा, असे सांगणाऱ्या चित्रफिती मोबाइलवर फिरतात. जोडीला आणखी एक तर्क ऐकवला जातो : पानाला कायद्यात बंदी नाही, मग पानापासून केलेल्या रोपाला तरी कशी असेल? यातला पहिला दावा वनस्पतिशास्त्रात बसत नाही आणि दुसरा कायद्यात. मात्र या दोन गैरसमजांची किंमत दहा वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीची असू शकते. म्हणूनच पान, रोप आणि कायदा यांचे नाते नीट समजून घेणे आवश्यक आहे.

हा विषय आत्ताच महत्त्वाचा का?

पावसाळा सरता सरता मराठवाडा आणि खान्देशातील वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते. कापसात, तुरीत, उसात किंवा हळदीत लावलेली गांजाची झाडे पोलिसांनी उपटली, शेतमालकावर गुन्हा दाखल. धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी तर अशा कारवाया वर्षानुवर्षे सुरू आहेत. पालम, गंगाखेड, सोनपेठ, पूर्णा हा परभणी जिल्ह्याचा गोदाकाठचा पट्टाही कापूस, सोयाबीन आणि तुरीचाच. या पिकांच्या भावाने दगा दिला की ‘वेगळे काही’ लावण्याचा विचार डोके वर काढतो.

त्यात हिमाचल प्रदेशातून आलेल्या बातम्यांनी भर घातली. तेथील विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये औषधी आणि औद्योगिक वापरासाठी भांगेच्या नियंत्रित लागवडीच्या बाजूने ठराव केला. जानेवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने पालमपूरचे कृषी विद्यापीठ आणि नौणीचे फलोद्यान विद्यापीठ यांच्याकडे प्रायोगिक अभ्यास सोपवला. पालमपूर आणि पालम यांच्या नावात साम्य असले तरी कायद्याच्या दृष्टीने दोन्हीकडची स्थिती पूर्ण वेगळी आहे. तिकडच्या परवानगीचा इकडच्या शेतकऱ्याला काडीचाही उपयोग नाही.

पानापासून गांजाचे रोप होते का?

थोडक्यात उत्तर, नाही. त्याचे कारण ऊस लावणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला चटकन पटेल. उसाची कांडी रुजते ती तिच्यावरच्या डोळ्यामुळे. एक डोळा पद्धतीत कांडीचा लहानसा तुकडा पुरतो, पण त्यावर डोळा नसेल तर कितीही पाणी दिले तरी कोंब येत नाही. उसाचे पाचट मातीत पुरून ऊस उगवत नाही, तोच न्याय येथे लागू होतो.

गांजाच्या झाडाला पान जिथे खोडाला चिकटते, तिथे पानाच्या बगलेत डोळा असतो. नवी फांदी त्यातून फुटते. पान देठापासून खुडले की डोळा खोडावरच राहतो. खुडलेले पान ओलाव्यात काही दिवस हिरवे राहील, देठाच्या टोकाला पेशींची गाठ धरेल, क्वचित एखादे मूळही सोडेल. चित्रफितीत दाखवले जाते ते बहुधा हेच मूळ. पण मूळ आले म्हणजे रोप झाले असे नव्हे. वर वाढणारा कोंब तयार करण्याची सोय त्या पानात नसते. काही दिवसांनी पान पिवळे पडते आणि कुजते. फलोद्यानशास्त्रात अशा मुळे धरलेल्या पण कोंब न देणाऱ्या पानाला ‘आंधळे’ म्हणतात. आपल्याकडच्या ‘डोळा’ या शब्दाशी ते अगदी जुळते.

पानफुटीचे गणित वेगळे आहे. तिच्या पानाच्या कडेवरील खाचांमध्येच नव्या रोपाच्या पेशी तयार असतात. बिगोनिया, आफ्रिकन व्हायोलेट आणि सापाचा पट्टा म्हणून ओळखली जाणारी सॅन्सेव्हेरिया या वनस्पतींचे पानही रोप देते. निसर्गातील बहुसंख्य झाडांना मात्र ही देणगी नाही. कापूस, तूर, कडुलिंब आणि गांजा ही त्याच बहुसंख्येतली.

मग ‘पानाचे कलम’ हा शब्द आला कुठून?

गोंधळ शब्दाचा आहे. फलोद्यानात ‘पान-डोळा कलम’ असा प्रकार आहे. त्यात एक पान, त्याच्या बगलेतील डोळा आणि खोडाचा छोटा तुकडा एवढे एकत्र घेतात. आसाम किंवा दार्जिलिंगच्या चहाची रोपे अशीच होतात : एक पान, एक डोळा आणि खालची कांडी. पाहणाऱ्याला पानच तेवढे ठळक दिसते आणि पानापासून झाड झाले असा समज होतो. प्रत्यक्षात काम डोळा आणि कांडी करतात, पान त्यांना अन्न पुरवते.

जगात जिथे गांजाची परवानाधारक लागवड होते, तिथे वापरले जाते ते छाट कलम. म्हणजे गुलाब, अंजीर किंवा द्राक्षाच्या काडीसारखा फांदीचा तुकडा. म्हणून ‘लीफ कटिंग’ या नावाने जे दाखवले जाते, ते एक तर छाट कलम असते किंवा निव्वळ फसवणूक.

प्रयोगशाळेत तरी पानापासून रोप करता येते का?

ऊतिसंवर्धन, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत टिश्यू कल्चर, या तंत्राने पानाच्या तुकड्यापासून आधी पेशींचा गोळा आणि त्यातून रोप काढणे काही वनस्पतींत शक्य होते. तंबाखू हे त्याचे पुस्तकी उदाहरण. अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठात १९६८ पासून सरकारी परवानगीने संशोधनासाठी गांजा पिकवला जातो. हेमंत लता, सुमन चंद्रा आणि सहकाऱ्यांनी तेथे २०१० मध्ये पानाच्या पेशींपासून गांजाची रोपे मिळवल्याचे प्रसिद्ध केले. त्या शोधनिबंधाचे संदर्भ पुढे सर्वत्र दिले गेले.

पण २०२१ मध्ये कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी तीच पद्धत दहा वेगवेगळ्या वाणांवर करून पाहिली. पेशींचे गोळे सगळ्या वाणांत तयार झाले, रोप एकातही नाही. गांजा हे पीक या बाबतीत हट्टी आहे, असा त्याचा अर्थ. जिथे निर्जंतुक प्रयोगशाळा, संप्रेरके आणि प्रशिक्षित हात असूनही पान दाद देत नाही, तिथे खिडकीतल्या पाण्याच्या पेल्यात ते रोप देईल ही अपेक्षाच चुकीची ठरते.

कलमांना इतके महत्त्व का दिले जाते?

गांजाच्या झाडात नर आणि मादी वेगवेगळे असतात, पपईसारखे. बी पेरले की साधारण निम्मी झाडे नर निघतात. टीएचसी हा नशा आणणारा घटक मुख्यतः मादी फुलोऱ्यावरील राळेत असतो. नराचे परागकण वाऱ्याने मादीवर पडले की फुलोऱ्यात बी धरते आणि राळेचे प्रमाण घटते.

ही गोष्ट आपल्याकडे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पक्की माहीत होती. ब्रिटिश सरकारने १८९३-९४ मध्ये नेमलेल्या भारतीय हेम्प ड्रग्ज आयोगाने ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले. बंगालमधील नौगाव, मध्य प्रांतातील खांडवा आणि मुंबई इलाख्यातील अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) हे तेव्हाच्या सरकारी देखरेखीखालील लागवडीचे प्रमुख भाग. नौगावात नर झाडे ओळखून उपटण्यासाठी ‘परखदार’ नावाचे जाणकार शेतोशेती फिरत. कलमाने हेच काम सोपे केले. मादी झाडाची काडी लावली की मिळणारे झाड मादीच असते आणि त्याचे गुणधर्मही मूळ झाडासारखे असतात.

औषधनिर्मितीत हा एकसारखेपणा कळीचा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये एपिडायोलेक्स या औषधाला मान्यता दिली. लेनॉक्स-गॅस्टॉ आणि ड्रॅव्हे या बालपणात सुरू होणाऱ्या अपस्माराच्या गंभीर प्रकारांसाठी ते वापरतात. त्यातील सीबीडी हा नशा न आणणारा घटक कलमांपासून वाढवलेल्या झाडांतून काढला जातो. प्रत्येक बाटलीत तेवढाच घटक हवा, तर प्रत्येक झाडही तसेच हवे.

कलमाची दुसरी बाजूही आहे. मूळ झाडाला रोग असेल तर तो प्रत्येक कलमात जातो. उत्तर अमेरिकेतील परवानाधारक लागवडीत हॉप लेटंट व्हायरॉइड हा रोगकारक अशाच मार्गाने पसरला आणि त्याने मोठे नुकसान केले. अर्धापूर-वसमत पट्ट्यातील केळी उत्पादकांना रोगमुक्त मातृवृक्षाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

कायद्यात ‘गांजा’ म्हणजे नेमके काय?

भारतात १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमली पदार्थ आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ कायदा, म्हणजे एनडीपीएस कायदा लागू आहे. त्याच्या व्याख्येनुसार गांजा म्हणजे झाडाचे फुले किंवा फळे धरलेले शेंडे. फुलोऱ्यासोबत नसलेली पाने आणि बिया या व्याख्येतून स्पष्टपणे वगळल्या आहेत. राळेपासून होणारी चरस ही वेगळी आणि तीही प्रतिबंधित. ही व्याख्या १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय करारातून आली आहे.

पाने वगळल्यामुळे भांग एनडीपीएसच्या कक्षेबाहेर राहिली. कर्नाटक उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये जामिनाच्या एका प्रकरणात हाच मुद्दा मान्य केला. पण म्हणून महाराष्ट्रात भांग मोकळी आहे असे नाही. येथे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि त्याच्या कलम ६६(१)(ब) नुसार परवान्याविना भांग बाळगणे किंवा सेवन करणे हा गुन्हा ठरतो. उत्तर प्रदेश किंवा राजस्थानातील सरकारमान्य भांगेची दुकाने पाहून आलेल्यांनी हे लक्षात ठेवावे.

पान गांजा नाही, मग रोप लावले तर काय बिघडले?

सगळ्यात मोठी गल्लत येथेच होते. कायद्यात ‘गांजा’ आणि ‘कॅनबिसचे झाड’ या दोन वेगळ्या संज्ञा आहेत. गांजाची व्याख्या फुलोऱ्यापुरती असली तरी झाडाची व्याख्या ‘या प्रजातीचे कोणतेही झाड’ अशी सरसकट आहे. नर असो की मादी, वीतभर असो की पुरुषभर, फुलोरा आलेला असो वा नसो, कायद्यासाठी ते झाडच. बियांतून आले की कलमातून, हाही प्रश्न कायदा विचारत नाही.

कलम ८(ब) नुसार कॅनबिसच्या झाडाची लागवड प्रतिबंधित आहे. कलम २०(अ) नुसार तिला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. गांजा बाळगण्याच्या गुन्ह्यात एक किलोपर्यंत अल्प मात्रा आणि २० किलोपासून पुढे व्यावसायिक मात्रा अशी वर्गवारी आहे. अल्प मात्रेला शिक्षा एक वर्षापर्यंत, व्यावसायिक मात्रेला दहा ते वीस वर्षे. लागवडीला मात्र अशी पायरी नाही. गच्चीवरच्या कुंडीतले एक रोप आणि उसाच्या फडात लपवलेली दोनशे झाडे एकाच कलमाखाली येतात. शिक्षा किती द्यायची, यात न्यायालयाला फरक करता येतो. गुन्हा मात्र दोन्हीकडे तोच.

थोडक्यात, मुळे धरलेले कलम हे कायद्याच्या नजरेत लहान पान नसून लहान झाड आहे.

पोलीस वजन करतात ते कशाचे?

शेतात धाड पडली की झाडे मुळासकट उपटली जातात. त्यांचे ओले वजन फिर्यादीत येते आणि दुसऱ्या दिवशी ‘अमुक किलो गांजा जप्त’ अशी बातमी होते. पण या वजनात खोड, फांद्या, मुळे, मुळांना चिकटलेली माती, पाने आणि फुलोरा सगळेच असते. व्याख्येनुसार गांजा त्यातला फुलोराच.

हा फरक तांत्रिक वाटला तरी एखाद्याचे स्वातंत्र्य त्यावर ठरते. जप्ती २० किलोच्या पुढे गेली आणि व्यावसायिक मात्रेचा आरोप लागला की कलम ३७ च्या कडक अटी लागू होतात. आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी कारण असल्याचे न्यायालयाला वाटल्याशिवाय जामीन मिळत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका प्रकरणात याच मुद्द्यावर बोट ठेवले. जप्त मालात फुलोऱ्याबरोबर पाने आणि बिया मिसळलेल्या असतील, तर निव्वळ गांजा किती हे स्पष्ट व्हायला हवे, या भूमिकेतून जामीन देण्यात आला. म्हणून पंचनाम्यात झाडांची संख्या, उंची, फुलोरा होता की नव्हता आणि वजन कशाचे केले, या नोंदी फिर्यादी पक्ष आणि बचाव पक्ष दोघांसाठीही निर्णायक असतात.

शेतात झाड आपोआप उगवले असेल तर?

कायद्याचे कलम ५४ शेतकऱ्यासाठी जड आहे. आरोपीने कसलेल्या जमिनीवर कॅनबिसचे झाड उभे असेल आणि त्याचे समाधानकारक स्पष्टीकरण तो देऊ शकला नाही, तर त्यानेच गुन्हा केला असे गृहीत धरता येते. मात्र जमीन तोच कसत होता हे आधी पोलिसांना दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात आरोपीला निर्दोष सोडताना म्हटले, की जमिनीत बी पडलेले असेल तर अशी झाडे नैसर्गिकरीत्याही उगवू शकतात. आरोपीने ती लावली आणि जोपासली याचा पुरावा हवा.

कलमाचा फरक येथे लक्षात घ्यावा. बी वाऱ्याने, पाण्याने, पाखराने किंवा शेणखतातून येऊ शकते. कलम स्वतःहून येत नाही. ते कुणीतरी कापावे लागते, लावावे लागते, जपावे लागते. त्यामुळे ‘आपोआप उगवले’ हा बचाव कुंडीतल्या किंवा पिशवीतल्या कलमाला टिकणे अवघड. चित्रफीत पाहून ‘गंमत म्हणून’ प्रयोग करणाऱ्या तरुणांच्या घरच्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

सातबाऱ्यावर नाव माझे, पण शेत बटाईने दिले आहे. जबाबदार कोण?

मराठवाड्यात हा प्रश्न घरोघरी आहे. सातबाऱ्यावर चार भावांची नावे, एक पुण्यात, एक परभणीत, कसणारा तिसराच. कागदावर नाव आहे एवढ्याने प्रत्येक जण लागवडीचा दोषी ठरत नाही. प्रत्यक्ष ताबा आणि कसणूक कोणाची, हे पाहिले जाते. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीतील नोंदी, बटाईचा करार, पाणीपट्टी आणि वीजबिल या गोष्टी अशा वेळी उपयोगी ठरू शकतात. बटाई तोंडी असेल तर अडचण वाढते.

मात्र माहीत असून गप्प राहण्याची मुभा मालकाला नाही. कलम ४६ नुसार आपल्या जमिनीत बेकायदा कॅनबिस लावल्याचे कळताच पोलिसांना किंवा संबंधित अधिकाऱ्याला तत्काळ कळवणे हे जमीनधारकाचे कर्तव्य आहे. जाणीवपूर्वक टाळाटाळ केली तर शिक्षा होऊ शकते. कलम ४७ हेच कर्तव्य सरकारी अधिकारी, पंच, सरपंच आणि गावपातळीवरील अधिकाऱ्यांवर टाकते. जाणूनबुजून जागा वापरू देणाऱ्या मालकावर कलम २५ खाली मूळ गुन्ह्याइतकीच कारवाई होते.

म्हणून अनोळखी झाड दिसले तर परस्पर उपटून जाळण्यापेक्षा पोलीस पाटील, तलाठी किंवा ठाण्याला लेखी कळवणे आणि त्याची पोच घेणे अधिक सुरक्षित. अमली पदार्थांबाबत माहिती देण्यासाठी केंद्राची ‘मानस’ ही हेल्पलाइन १९३३ या क्रमांकावर जुलै २०२४ पासून सुरू आहे. माहिती देणाऱ्याची ओळख तेथे गुप्त ठेवली जाते.

अंबाडी, ताग आणि ‘हेम्प’ यांचा संबंध काय?

इंग्रजीत ‘हेम्प’ हा शब्द धाग्याच्या अनेक पिकांना सैलपणे लावला गेला. आपली अंबाडी इंग्रजीत ‘डेक्कन हेम्प’ म्हणून ओळखली जाते. तिचे शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे कॅनबिससारखी दिसणारी जास्वंद. पाने हाताच्या बोटांसारखी चिरलेली असल्याने कोवळ्या अंबाडीचे गांजाशी साम्य दिसते, पण नाते काहीच नाही. एक जास्वंद-भेंडीच्या कुळातली, दुसरी वेगळ्याच. तागाचे इंग्रजी नाव ‘सन हेम्प’, तो डाळवर्गीय. हिरवळीच्या खतासाठी त्याचे बी खुलेआम मिळते. दोन्ही पिके पूर्ण कायदेशीर. इंटरनेटवर ‘हेम्प लागवड’ असे शोधणाऱ्याने आपण नेमके कशाबद्दल वाचतो आहोत, हे आधी तपासावे.

‘इंडस्ट्रियल हेम्प’ म्हणजे मात्र कॅनबिसच, फक्त ०.३ टक्क्यांपेक्षा कमी टीएचसी असलेले. त्याच्या बियांपासूनच्या खाद्यपदार्थांना भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये मानके ठरवून परवानगी दिली. म्हणून दुकानात ‘हेम्प सीड’ दिसतात. त्या खाण्यासाठी आहेत. पेरल्या तर पुन्हा कलम २०(अ).

शेतकऱ्याला परवाना मिळू शकतो का?

कायद्यात दार आहे, पण त्याची किल्ली सरकारकडे आहे. कलम १० राज्य सरकारांना कॅनबिसच्या लागवडीला परवानगी देण्याचे आणि ती नियंत्रित करण्याचे अधिकार देते. कलम १४ धागा, बी किंवा फलोद्यानासाठीच्या लागवडीला सरकारने अटींसह मुभा देण्याची तरतूद करते. केंद्राच्या २०१२ च्या राष्ट्रीय धोरणातही कमी टीएचसीच्या वाणांवर संशोधनाला उत्तेजन देण्याची भूमिका आहे.

उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक हेम्पच्या लागवडीला परवाना देऊन सुरुवात केली. अनुभव संमिश्र राहिला. टीएचसीची मर्यादा पाळणारे प्रमाणित बियाणे मिळवणे हीच मोठी अडचण ठरली. जम्मूमध्ये सीएसआयआरची भारतीय समवेत औषध संस्था औषधी वापराच्या दृष्टीने संशोधन करते, तेही बंदिस्त आवारात. महाराष्ट्रात या घडीला सामान्य शेतकऱ्याला अर्ज करून मिळेल अशी परवाना व्यवस्था नाही.

सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने ऑगस्ट २०२१ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी मागितली होती. कोणत्याच पिकाला परवडणारा भाव मिळत नाही, असे त्याचे म्हणणे होते. ठरावीक तारखेपर्यंत उत्तर आले नाही तर परवानगी गृहीत धरू, असेही त्याने कळवले. प्रशासनाने अर्ज पोलिसांकडे पाठवला आणि पोलिसांनी त्याला प्रसिद्धीचा खटाटोप म्हटले. अर्ज फेटाळला जाणे अपेक्षितच होते, कारण मौन म्हणजे परवानगी असे हा कायदा कुठेही म्हणत नाही. अर्जामागचा भावाचा प्रश्न मात्र तिथेच राहिला.

करार शेतीचे आमिष कसे ओळखावे?

सफेद मुसळी, इमू, कडकनाथ. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने ‘हमखास खरेदी’च्या आश्वासनावर अनेकदा हात पोळून घेतले आहेत. रोपे किंवा पिल्ले महागात विकायची आणि खरेदीच्या वेळी गायब व्हायचे, हा त्यातला समान धागा. ‘औषधी हेम्पची कलमे’ हा त्याचा पुढचा अवतार ठरू शकतो. फरक एवढाच की मुसळीत पैसे बुडाले, येथे पैशांसोबत स्वातंत्र्यही पणाला लागेल.

कोणी असा प्रस्ताव आणला तर तीन प्रश्न विचारावेत. राज्य सरकारचा परवाना कोणाच्या नावावर आणि कोणत्या गट क्रमांकासाठी आहे? दुसऱ्या राज्यातला परवाना दाखवत असेल तर तो येथे कसा चालतो? आणि पिकाची टीएचसी तपासणी कोणती मान्यताप्राप्त प्रयोगशाळा करणार? एकाही प्रश्नाला कागदाने उत्तर मिळाले नाही तर चर्चा तिथेच थांबवावी. आणखी एक खूण : धागा आणि बी यांसाठीचे हेम्प शेतात दाट पेरले जाते, कलमांनी लावले जात नाही. धाग्याच्या नावाखाली कोणी कलमे विकत असेल, तर धागा हा नुसता बहाणा आहे असे समजावे.

जगात काय सुरू आहे?

संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये २७ विरुद्ध २५ मतांनी कॅनबिसला सर्वांत कडक यादीतून काढले. भारताने बाजूने मत दिले. तरीही ते नियंत्रित पदार्थांच्या यादीत कायम आहे. थायलंडने २०२२ मध्ये निर्बंध उठवले आणि २०२५ मध्ये विक्री पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीशी जोडली. तेथून येणारा ‘हायड्रोपोनिक’ गांजा मुंबई विमानतळावर वारंवार पकडला जातो.

जर्मनीचा एप्रिल २०२४ चा कायदा या विषयात वेगळा आहे. प्रौढाला घरी तीन झाडांची मुभा देताना त्याने बी आणि फुलोरा नसलेले छाट कलम यांना ‘लागवड साहित्य’ असा स्वतंत्र दर्जा दिला आणि परवानाधारक संघटनांनी महिन्याला किती कलमे द्यायची तेही ठरवले. भारतीय कायद्यात अशी मधली पायरी नाही. १९८५ मध्ये कायदा लिहिताना नजरेसमोर शेत आणि पोते होते, रोपवाटिका नव्हती.

पुढे काय व्हायला हवे?

एम्सने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील १० ते ७५ वयोगटातील सुमारे २.८ टक्के, म्हणजे ३.१ कोटी लोकांनी आधीच्या वर्षभरात कॅनबिसचा कोणता ना कोणता प्रकार घेतला होता. त्यात भांग घेणारे अधिक, गांजा-चरस घेणारे सुमारे १.३ कोटी. मागणी आहे तोवर कुणीतरी कापसाच्या ओळीत झाडे लपवणार. पकडला जातो तो बहुधा शेतावर राहणारा, माल उचलणारा व्यापारी क्वचितच.

म्हणून दोन पातळ्यांवर स्पष्टता हवी. राज्य सरकारने औद्योगिक हेम्पबद्दलची भूमिका हो किंवा नाही अशा शब्दांत जाहीर करावी. संशोधन करायचेच असेल तर ते परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठासारख्या संस्थांच्या बंदिस्त प्रक्षेत्रावर, रीतसर परवान्याने व्हावे. मराठवाड्याच्या उन्हात कोणत्या वाणाचे टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत राहते, हे तेथेच कळू शकेल. दुसरे, धाडीतील पंचनामा आणि वजनाची पद्धत कायद्याच्या व्याख्येशी जुळणारी हवी. त्यातून खरा गुन्हेगार सुटणार नाही आणि बांधावरच्या दोन झाडांसाठी कुणी वर्षानुवर्षे कच्च्या कैदेत राहणार नाही.

तोपर्यंत पालमच्या शेतकऱ्यासाठी हिशोब सरळ आहे. पानाला डोळा नसतो, त्यामुळे त्यातून रोप येत नाही. ज्याला डोळा आहे ते कलम रुजले, तर त्यासोबत कायद्याचे कलम २०(अ) रुजते.